सभाविसर्जन

"ज्या राजाला सभेवाचून चालते असे वाटू लागते, त्याच्यावर एके दिवशी त्याच सभेपुढे हात पसरण्याची वेळ येते," हे वाक्य शेषेराव देशमुखांनी नांदेडच्या महाविद्यालयात बत्तीस वर्षे उच्चारले होते. विषय असे इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स. आपल्याला साक्षात ईश्वराने नेमले आहे अशी या राजाची श्रद्धा होती. अकरा वर्षे त्याने संसद बोलावली नाही, आणि स्कॉटलंडच्या प्रजेने कोणत्या पोथीतून प्रार्थना करावी हेही त्याने लंडनमध्ये बसून ठरवले. प्रजा बिथरली, तेव्हा नाइलाजाने त्याला संसद बोलवावी लागली. आणि संसदेने यथावकाश त्याला आधी सत्तेपासून व नंतर मस्तकापासून मुक्त केले. हे सांगून शेषेराव ते पहिले वाक्य पुन्हा म्हणत. विद्यार्थी ते वाक्य वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. शेषेरावांनी ते कधीच उतरवून घेतले नव्हते. सबब विसरल्याचा दोषही त्यांच्यावर येत नाही.

बिलोली तालुक्यातील बोरसांगवीच्या पोचम्मा देवस्थानाचे मुख्य विश्वस्तपद त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आले होते. त्या नात्याने त्यांनी विश्वस्तांची शेवटची सभा घेतली त्याला या आषाढात अकरा वर्षे पूर्ण झाली. हा आकडा त्यांच्या ध्यानात आला नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांना सनावळ्या पाठ असतात, पण त्या दुसऱ्यांच्या.

ध्यानात आणून दिले ते एका सरकारी नोटिशीने. अकरा वर्षांत एकही सभा झाल्याची नोंद नाही. तरी येत्या बुधवारपर्यंत बहुसंख्य विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव सादर करावा, अन्यथा देवस्थानावर प्रशासक नेमला जाईल, असा तिचा आशय होता. म्हणजे बुधवारपर्यंत सह्या मिळाल्या नाहीत, तर सात पिढ्यांचा मान एखाद्या अव्वल कारकुनाच्या खुर्चीखाली जाणार होता. शेषेरावांनी तीन दिवस मौन पाळले आणि चौथ्या दिवशी सभा बोलावली.

अकरा वर्षे ते स्वस्थ बसले होते असे मात्र कोणी समजू नये. निवृत्तीनंतर त्यांनी देवीचे संशोधन हाती घेतले होते. तालुक्याच्या त्या टोकाला निम्मी माणसे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलतात. तिथे पोचम्मा शेकडो वर्षे गावाच्या लेकरांच्या गोवर-कांजिण्या सांभाळत सुखाने बसली होती. आपण अशुद्ध आहोत याची त्या माउलीला कल्पना नव्हती. ती शेषेरावांनी करून दिली. तिचे मूळ नाव पञ्चमाम्बिका असल्याचे त्यांनी सिद्ध केले, आणि कोणी सिद्ध करा म्हटले नव्हते म्हणून कोणी खोडूनही काढले नाही. मग तिची षोडशोपचार पूजापद्धती त्यांनी रचली, बत्तीस पानांची पुस्तिका छापली आणि तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात ती देवळात लागू केली. लागू केली याचा अर्थ आधीचे सारे बंद केले.

आधीचे म्हणजे काय? आखाडातल्या शेवटच्या शुक्रवारी गावच्या बाया दहीभाताचे घट डोक्यावर घेऊन देवळाशी येत, आणि देशमुखांच्या घरातली सर्वांत वडील सून उंबऱ्यावर उभी राहून तेलुगूतून देवीला हाक मारणारे गाणे म्हणे. गाणे संपल्याशिवाय पूजेला हात लागत नसे. त्या गाण्याचे दंडक कडक होते. ते वर्षातून एकदा, त्याच उंबऱ्यावर म्हणायचे. चार भिंतींच्या आत उच्चारायचे नाही. लिहायचे तर नाहीच. पुरुषाने ते गाऊ नये. पुढच्या सुनेने शेजारी उभे राहून वर्षावर्षाने कानांनी वेचावे. शेषेरावांच्या पुस्तिकेत पृष्ठ सहावर या गाण्याची वासलात 'अवैदिक व अनावश्यक' एवढ्या दोन शब्दांत लावलेली होती. तेव्हापासून बाया आपले घट देवळाबाहेरच्या लिंबाखाली ठेवून तिथूनच परत जात. आत शेषेराव, नांदेडहून आणलेले पुरोहित आणि ध्वनिक्षेपक एवढेच उरत. गर्दीचे नियोजन त्यामुळे फारच सुकर झाले होते.

सभेचे स्थळ त्यांनी लातूर ठरवले. गावात सभा घ्यावी तर गाव ऐकते. शिवाय पाच विश्वस्तांपैकी एक, त्यांची चुलती कमलम्मा, एक्याऐंशी वर्षांची होती, आणि बोरसांगवी ते लातूर हा प्रवास तिला झेपणार नाही याची त्यांना मनोमन काळजी, म्हणजे खात्री, होती. मधल्या भावाची, दयानंदाची, लातुरात शिकवणी-वर्गांची तीन मजली इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रविवारी सकाळी दहा वाजता शेषेराव व्यासपीठावरच्या खुर्चीत स्थानापन्न झाले. मागच्या फळ्यावर शनिवारच्या तासाचे मानवी हृदय चारही कप्प्यांसह तसेच राहिले होते.

आणि पहिल्याच बाकावर कमलम्मा बसली होती.

"चिन्नम्मा, तू आलीस?" शेषेरावांच्या तोंडून निघून गेले. तेलुगूत धाकट्या आईला चिन्नम्मा म्हणतात. ती निजामाबादकडची, म्हणून सारे घर तिला तेच म्हणे.

"तू बलावलास की रा, शेषू."

"पहाटच्या यष्टीनं आणली," धाकटा भागवत म्हणाला. तो गावी शेती बघे. "देगलूरला एक गाडी बदलली, उदगीरला एक. दोन्हीकडं चहा पेली अन माझ्यापेक्षा ताठ उतरली."

पाचवा विश्वस्त म्हणजे शेषेरावांचा मुलगा सिद्धराम. तो लातूरच्या एका डाळ मिलमध्ये व्यवस्थापक होता. डाळ आणि टरफल वेगळे करण्याचे काम तो तिथे उत्तम करी, घरी करीत नसे. त्याची पत्नी सिंधु एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवी. ती विश्वस्त नव्हती. इतिवृत्त लिहिण्यापुरती तिला बसवले होते. सून होण्याआधी ती शेषेरावांची विद्यार्थिनी होती, आणि त्यांच्या हाताखाली विद्यापीठात पहिली आली होती. कोपऱ्यात देवस्थानाचे वकील अश्वजित बसले होते. तेही शेषेरावांचेच जुने विद्यार्थी. थोडक्यात, त्या खोलीतली सर्व शस्त्रे शेषेरावांनी स्वतः परजून दिलेली होती.

"एक विनंती आहे," दयानंद हात जोडून कुजबुजले. "वर साडेतीनशे पोरांचा पेपर चालू आहे. जे काय बोलायचं ते हळू."

त्यामुळे पुढचे सर्व राजकारण दबक्या आवाजात झाले.

शेषेरावांनी हलक्या स्वरात मंगलाचरण केले आणि ठराव वाचला. त्याला दोनच कलमे होती. एक, शेषेराव हे तहहयात मुख्य विश्वस्त राहतील. दोन, पूजापद्धती यावच्चंद्रदिवाकरौ चालू राहील. "विश्वस्तांनी खाली सह्या कराव्यात," असे म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला.

"करू की," भागवत म्हणाला. "पेन बी आनलाय. पर आधी बोलू."

"बोलणे विषयपत्रिकेत नाही."

"विषयपत्रिका कोनाची?"

"माझी."

"हां. म्हंजे तुमीच बोला, तुमीच ऐका, अन आमी अंगठा लावायला दोन गाड्या बदलून यावं."

"मामंजी, असं लिहू का?" सिंधूने वहीतून डोके वर काढले. "'भागवतकाकांनी बोलण्याची परवानगी मागितली, अध्यक्षांनी नाकारली.'"

"असले काही लिहायचे नाही."

"बरं. मग 'असले काही लिहायचे नाही, असे अध्यक्ष म्हणाले' असं लिहिते."

शेषेरावांनी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर गुणवंत विद्यार्थिनीची ती जुनी नम्रता होती. त्या नम्रतेचे त्यांनी अनेक निरोपसमारंभांत कौतुक केले होते.

"आधी गाऱ्हाणी, मग मंजुरी," ती म्हणाली. "राजानं सभेपाशी काही मागितलं, की सभेनं आधी आपलं गाऱ्हाणं मांडावं. दुसरं वर्ष, तिसरा पेपर. तुम्ही दोनदा अधोरेखित करायला लावलं होतं."

"ते इंग्लंडपुरते होते."

"सर," कोपऱ्यातून अश्वजित अदबीने म्हणाले, "मी पेपरात असं लिहिलं असतं, तर तुम्ही किती मार्क दिले असते?"

शेषेरावांनी शून्य दिले असते, आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी भागवताला मान हलवून परवानगी दिली. राजे लोक अशा वेळी परवानगी देतात, म्हणजे ती घेतली गेली असे दिसत नाही.

"गाऱ्हानं एकच हाय, दादा," भागवत उठून उभा राहिला. "तीन साल झाले, अख्ख्या गावचे घट लिंबाखाली ठेवून राहिले लोक. देवळात तुमी, भटजी अन भोंगा. मागल्या साली मारोती धनगराच्या सुनेनं मला इचारलं, 'मालक, पोचम्मा आत हाय का भाईर?' मी काय सांगू तिला?"

"देवी सर्वव्यापी आहे असे सांग."

"मंग देवळाला कुलूप कशापाई लावता?"

"हळू," दयानंद म्हणाले.

"ते गाणे अपभ्रष्ट आहे," शेषेराव शांतपणे म्हणाले. "त्याला छंद नाही, आदिअंत नाही. देवी मांजरा नदी ओलांडते, तिच्या पायात काटा रुततो, आणि तो काढते कोण, तर वाटेवरची एक मेंढपाळीण. जगन्मातेचा पाय! हे आपण सुशिक्षित घराण्याने उंबऱ्यावर उभे राहून म्हणायचे? पूजेचा अधिकार देवीने आपल्या घराण्याला दिला आहे. मी देवीला उत्तरदायी आहे. सभेला नाही."

सिंधु ते अक्षरशः लिहून घेत होती. अश्वजितांना खोकला आला. वर्गात शिकवताना हेच वाक्य शेषेराव राजाच्या आवाजात म्हणत, आणि मग चष्मा काढून, एक क्षण थांबून विचारत, "सांगा, हा माणूस वाचेल का?" मुले एकमुखाने "नाही" म्हणत. आज कोणी काही म्हणाले नाही. वर पेपर चालू होता.

"मताला टाकू," शेषेराव म्हणाले. त्यांची गणना पक्की होती. स्वतःचे एक. सिद्धरामाचे एक, ते मत त्याचा जन्म झाला तेव्हापासूनच त्यांच्याकडे होते. आणि दयानंदाचे एक. येत्या शुक्रवारच्या पूजेत गाभाऱ्यातली समई उजळण्याचा मान दयानंदांना देण्याचे त्यांनी काल दूरध्वनीवर ठरवले होते. दयानंदांनी तो मान नम्रपणे स्वीकारला, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी भागवतालाही दूरध्वनी करून 'तुझं काही चूक नाही' असे सांगितले, ही गोष्ट शेषेरावांना ठाऊक नव्हती.

"ठरावाच्या बाजूने? दयानंद?"

"मी दादांबरोबरच आहे," दयानंद म्हणाले. "फक्त भागवतचंही अगदीच..."

"हात वर कर."

दयानंदांचा हात खांद्यापर्यंत वर गेला, तिथे थोडा घुटमळला आणि कान खाजवून खाली आला.

"सिद्धराम?"

सिद्धरामाने वडिलांकडे पाहिले. मग पत्नीकडे. सिंधूने त्याच्याकडे पाहिलेच नाही. ती पेनाचे टोपण लावत होती आणि काढत होती.

"अण्णा, मला असं वाटतं," तो म्हणाला, आणि सगळे चकित होऊन वळले, कारण सिद्धरामाला काय वाटते हे सेहेचाळीस वर्षांत कोणी ऐकलेच नव्हते, "की आधी चिन्नम्माला विचारावं."

कमलम्मा डोळे मिटून बसली होती. तिने ते उघडले.

"मला काय इचारायचं रा? मी अवैदिक."



"अन दुसरं काय ते, सिंधू?"

"अनावश्यक, चिन्नम्मा."

"हां. ते."

 आपला गड ढासळतो आहे हे शेषेरावांना स्वच्छ दिसत होते, आणि अशा वेळी राजाने कोणती चूक करू नये हेही त्यांना नीट पाठ होते. ती चूक त्यांनी अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने केली. ते उभे राहिले. पूजेच्या अंती देवांना निरोप देताना म्हणतात तो मंत्र त्यांनी हात जोडून, वरच्या पोरांना त्रास होणार नाही अशा स्वरात, एकही मात्रा न गाळता म्हटला, आणि म्हणाले, "सभा विसर्जित झाली आहे." मग व्यासपीठावरून उतरून, मान वळवून न पाहता ते बाहेर गेले.

बाहेर पडवीवजा अरुंद मार्गिकेत सहा जोड चपला होत्या आणि भिंतीवर डॉक्टर होण्यास पात्र ठरलेल्या मुलांची छायाचित्रे. ती सगळी मुले हसत होती. शेषेराव आपल्या पादत्राणांत पाय घालून थांबले. अध्यक्ष उठले की सभा उठते, मग धाकटे मागोमाग येतात, एक जण पाया पडतो, दुसरा समजूत घालतो आणि सगळे सही करतात, अशी त्यांच्या घरातली रीत होती. ते पाच मिनिटे थांबले. कोणी आले नाही. आतून दबके बोलणे ऐकू येत होते. एकदा तर कोणीतरी हसलेसुद्धा. त्यांच्या मनात आले, आपण जिना उतरून सरळ नांदेडची गाडी पकडावी. पण कागद आत राहिला होता, सह्यांवाचून, आणि बुधवार तीन दिवसांवर होता.

अखेर दार उघडले आणि अश्वजित बाहेर आले.

"सर, आत नवीन अध्यक्ष निवडले."

"सभा विसर्जित झाली आहे, अश्वजित."

"देवांची झाली असेल, सर. देवस्थानाची नियमावली, कलम सात: अध्यक्ष सभा सोडून गेल्यास उपस्थित विश्वस्तांनी आपल्यातून अध्यक्ष निवडून कामकाज पुढे चालवावे."

"असले आचरट कलम कोणी घातले?"

अश्वजितांनी हातातली जुनी नक्कल उघडून त्यांच्यापुढे धरली. अक्षर टपोरे, उजवीकडे झुकलेले होते. नियमावली झाली त्या साली शेषेराव तेहतिसाचे होते. त्यांचे वडील प्रत्येक सभेतून रागाने उठून जात आणि सभा मोडत. त्या प्रथेला पायबंद घालण्यासाठी या तरुण, तेजस्वी प्राध्यापकाने रात्री जागून हे कलम रचले होते, आणि वडिलांनी पुढे सहा महिने त्याच्याशी अबोला धरला होता. आपण कधी काळी सभेच्या बाकावर बसलो होतो हे शेषेराव पार विसरून गेले होते.

"कोणाला निवडले?"

"कमलम्मांना."

"तिला लिहितावाचता येत नाही."

"ऐकता येतं असं सगळे म्हणाले, सर." अश्वजितांनी कागद मिटला. "मी बौद्ध माणूस. पूजा कोणत्या पोथीतून व्हावी यावर मला मत नाही, असलं तरी फीमध्ये धरत नाही. पण इतिवृत्त चोख आहे. नव्या ठरावात मुख्य विश्वस्त म्हणून अजून तुमचंच नाव आहे. तुम्ही त्याखाली सही केली तर ते राहील. नाही केली, तर बुधवारी भागवतकाकांचं नाव जाईल. चार सह्या तयार आहेत, त्यात कमलम्मांचा अंगठा."

"चार? दयानंद?"

"त्यांनीच सगळ्यांत आधी केली, सर. भागवतकाकांचा पेन घेऊन."

शेषेराव आत आले तेव्हा खुर्चीत कमलम्मा बसली होती. तिचे पाय व्यासपीठाला टेकत नव्हते. पहिल्या बाकावर जागा रिकामी होती. ते तिथे बसले. बाक अठरा वर्षांच्या पोरांच्या मापाचा होता, त्यांचे गुडघे मावेनात.

सिंधूने ठराव वाचून दाखवला. विश्वस्तांची सभा दर वर्षी आखाडाच्या पहिल्या शुक्रवारी भरेल, मग ती कोणी बोलावो वा न बोलावो. सभेच्या संमतीवाचून ती कोणालाही विसर्जित करता येणार नाही. देवळातील पूजेचा क्रम सभा ठरवील; येत्या शुक्रवारी आधी घट, मग उंबऱ्यावरचे गाणे, आणि त्यानंतर पुस्तिकेतील पूजा सावकाश होऊ द्यावी.

"सावकाश होऊ द्यावी," शेषेरावांनी ते शब्द जिभेवर घोळवले. "म्हणजे मला नावापुरता राजा करून ठेवता."

"नाव तरी ठिवलंय, दादा," भागवत म्हणाला. "तिकडं त्या राजाचं काय झालतं, सांगितलंय सिंधूनं."

सही करावी की न करावी या विचारात शेषेरावांनी पेन हातात घेतले होते, तेवढ्यात खुर्चीतून कमलम्माचा आवाज आला.

"सही-बिही होईल. मला येक सांगायचंय." तिने पदराने तोंड पुसले. "गानं मांजरेपातूर येतं. देवी पान्यात उतरती. काटा रुततो. म्होरं न्हाई."

"न्हाई म्हंजे?" भागवत म्हणाला.

"तीन आखाड तोंडात घातलं न्हाई. गेलं."

सिंधूच्या हातातले पेन थांबले. चिन्नम्मामागून गाण्यासाठी घराने तिलाच निवडले होते; ती नऊ आखाड चिन्नम्माच्या शेजारी उभी राहिली होती. तिला सुरुवात येत होती, आणि देवी उंबऱ्यावर पाऊल ठेवते तो शेवट येत होता. मधली वाट यायची होती, तोच पुस्तिका लागू झाली.

"गावातल्या बाकी बायका?" सिद्धरामाने विचारले. एकदा बोलून बघितल्यावर त्याला सवय लागत चालली होती.

"त्या लांब हुभ्या राहत्यात, लेका. 'रावम्मा, रावम्मा' करायला येतं त्येंना. म्हंजे 'ये आई, ये आई'. ती कुठून येतीय ते म्या सांगायचं."

 विजयी सभेने अकरा वर्षांनी राजापासून एक अधिकार जिंकून घेतला होता, आणि तो वापरायला तिच्याजवळ काही उरले नव्हते.

शेषेराव पेनाकडे पाहत होते. त्यांना ते येत होते.

लहानपणी, त्यांची आई घरातली वडील सून असताना, ते तिचा पदर धरून त्या उंबऱ्यावर उभे राहत. पुढे चिन्नम्मा गाऊ लागली तेव्हाही ते समईपाशी असत. आणि शेवटी पुस्तिकेसाठी गाण्याचे खंडन करताना त्यांनी त्याचा शब्द न् शब्द मनातल्या मनात तपासला होता. त्या खंडनात गाण्याची एकही ओळ उद्धृत केलेली नव्हती. वाचणाऱ्यांना तो विद्वानाचा तुच्छभाव वाटला. खरे तर ते लिहायला शेषेरावांचा हात धजला नव्हता. ज्या देवीला त्यांनी पञ्चमाम्बिका करून टाकले होते, तिच्या दंडकाला ते पोचम्माच्याच भीतीने जपत आले होते.

आता फक्त गप्प बसायचे होते. गाणे नाही म्हणजे क्रम नाही, क्रम नाही म्हणजे पुस्तिका आहे. सही करावी, मुख्य विश्वस्त राहावे आणि शुक्रवारी सभेला आपल्याच ठरावाने तोंडघशी पडू द्यावे. चार्ल्सला अशी संधी मिळाली असती तर त्याचे मस्तक वाचले असते.

पण काटा रुतलेला होता. तीन वर्षे मांजरेच्या पाण्यात एका पायावर उभी असलेली ती बाई काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना; आणि तिला तिथे उभे करून ठेवणारे पृष्ठ सहा त्यांचेच होते.

त्यांनी हात वर केला.

"बोल की रा," कमलम्मा म्हणाली.

"मला येते."

"काय येते?" दयानंदांनी विचारले.

"काट्याच्या पुढचे."

भागवत बाकावरून अर्धा उठला. "मंग सांगा की!"

"इथे कसे सांगू? चार भिंती आहेत."

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे म्हणणे सर्वांना एकमुखाने पटले. सिंधूसुद्धा मान हलवत होती. मग प्रश्न उभा राहिला की पुरुषाने गाऊ नये. त्यावर चर्चा झाली. दयानंदांनी दोन्ही बाजूंनी मत मांडले. भागवत म्हणाला, देवीला कळत असंल की दादा पुरुष असले तरी मास्तर हायेत. अश्वजितांनी नियमावली चाळली आणि याबाबत ती मूक असल्याचे सांगितले. शेवटी सर्वांनी खुर्चीकडे पाहिले.

"गाऊ नगं," कमलम्मा म्हणाली. "सिंधूच्या मागं हुभा ऱ्हा. ती काट्याशी आली की तिच्या कानात शबूद टाक. येक येक. ती गाईल. म्या बाजूला हाय, चुकलास तर वळखू येईल मला. आठवत न्हाई, पर वळखते. अन ती अडल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई."

सिंधु लिहीत होती. "'मुख्य विश्वस्तांनी उंबऱ्यावर सुनेच्या मागे उभे राहावे. विचारल्याखेरीज बोलू नये.'" तिने वर पाहिले. "मामंजी, चालेल?"

शेषेरावांनी ते वाक्य मनात दोनदा वाचले. त्यात त्यांना काढता येण्यासारखी चूक सापडली नाही.

"आणि माझी पुस्तिका?"

"ती हातात धर," कमलम्मा म्हणाली. "देवळात रिकाम्या हातानं जाऊ न्हाई."

त्यांनी सही केली. चार सह्यांच्या खाली थोडीच जागा उरली होती. त्यांची नेहमीची लफ्फेदार सही तिथे मावली नाही, म्हणून त्यांनी नुसते नाव लिहिले. अश्वजितांनी कागद उचलून पिशवीत ठेवला. भागवताने चिन्नम्माला खुर्चीतून हात देऊन उतरवले. दयानंद चहा सांगायला गेले, आणि चहा आल्यावर, समई कोणी उजळायची ते तेवढे अजून ठरायचे राहिले आहे, असे सहज बोलून गेले. 

शेषेराव बाकावरच बसून होते. गुडघे अडकलेले, डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सिंधु कप घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"मामंजी, चहा."

त्यांनी डोळे न उघडता बोट वर केले. ती थांबली. ते गाण्यात कुठे पोचले आहेत हे तिला उमगले तेव्हा तिने मागे वळून नुसते पाहिले, आणि भागवत बोलता बोलता गप्प झाला, सिद्धरामाने कपावरचा चमचा उचलून ठेवला, दयानंदसुद्धा बसले. कमलम्मा पुढे वाकून त्यांच्या ओठांकडे बघत होती. ओळखीचे काही दिसते का पाहत होती.

मेंढपाळिणीने पाय मांडीवर घेतला, तिथे ते एकदा अडले. मागे जाऊन पुन्हा पाण्यात उतरले. दुसऱ्यांदाही अडले, कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा काटा निघाला, पाऊल उचलले गेले आणि काठाच्या वाळूला टेकले.

शेषेरावांनी डोळे उघडले आणि कप घेतला. चहा पार निवला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.